भंगाराच्या भावातला वाईस

जागेश्वर धकाते भित्रा माणूस होता आणि महाल भागातल्या सगळ्या फिटरलोकांना ते ठाऊक होतं. बडकस चौकात रस्ता ओलांडायचा तर तो सायकल हातात धरून उभा राही. समोरचा रिक्षावाला वैतागून "चला ना काका, चला आता" म्हणेपर्यंत काही तो पाऊल टाकत नसे. दारात पोस्टमन आला तरी तो आधी बायकोला पुढं करी. आणि गंमत अशी, की जुन्या हत्याराचा भाव ठरवायचा म्हटलं की घेणारा आणि विकणारा दोघंही याच भित्र्या माणसाच्या दुकानात येत. तो सांगेल तो आकडा दोघांनाही मान्य असे.

त्याचं घराणं तांडापेठेतल्या कोष्ट्यांचं. बाप लुगडी विणायचा, आजाही विणायचा. हातमागाचं काम मंदावलं तसा थोरला भाऊ बाबनराव इतवारीत एका वर्कशॉपला लागला आणि पाठोपाठ जागेश्वरही. तिथं मालकानं एकदा मोठा वाईस आणला. वाईस म्हणजे टेबलाला बोल्टांनी आवळलेला बिडाचा जबडा. त्यात लोखंडाचा तुकडा धरायचा आणि मग कानस मारा, छिन्नी मारा, हातोडा मारा. मालकानं आणलेला वाईस जुनाच होता, पण हिरवा रंग चकचकीत. बाबनराव त्यात एक वाकडी सळी धरून ठोकत होता. चौथ्या की पाचव्या घावाला अर्धा जबडा तुटला आणि सरळ त्याच्या पायावर पडला. मागून पाहिलं तर रंगाखाली जुनी चीर होती, आणि त्या चिरेत पुट्टी भरलेली.

बाबनरावची तीन बोटं गेली. पुढं तो लंगडत चालायचा आणि "आता मले चपलाचे पैसे कमी लागते" असं म्हणून स्वतःच हसायचा. जागेश्वरला मात्र ते हसू कधी आलं नाही. त्या दिवसापासून परक्या वाईसला हात लावायच्या आधी तो खाली वाकून, सगळीकडून बोटं फिरवून पाही. आधी स्वतःच्या पायासाठी पाही, मग शेजारचा फिटर म्हणू लागला, माझाही पाहून दे. दहा-पंधरा वर्षांत त्याचं नाव झालं. लोक त्याला पारखी म्हणत. त्याचं त्याला माहीत होतं की ही पारख नाही, हे भेव आहे.

भाव सांगायची त्याची रीत ठरलेली होती. आधी दांडा फिरवून पाहायचा. पेच किती मोकळा खेळतो, आटे झिजले की कसे, ते हाताला कळे. मग जबडे मिटवून मधल्या फटीतून उजेडाकडे पाहायचं. मग पालथा करून तळ बघायचा, कारण लबाडी नेहमी तळाला असते असं तो म्हणे. सगळ्यात शेवटी छोट्या हातोडीनं टिचकी मारायची. अखंड बीड घंटेसारखं वाजतं, चीर गेलेलं बीड मडक्यासारखं. आणि रंग ताजा दिसला, की त्याचा चेहरा आधीच उतरलेला असे.

सन शहात्तरचा हिवाळा होता. आणीबाणीचे दिवस. माणसं चहाच्या टपरीवरसुद्धा आवाज खाली करून बोलत. जागेश्वरच्याच गल्लीतल्या एका सायकलवाल्याला पोलीस पहाटे घेऊन गेले होते आणि कशासाठी नेलं ते त्याच्या बायकोलाही कोणी सांगितलं नव्हतं. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली की जागेश्वर हातातलं काम ठेवून आतल्या खोलीत जाई आणि उगीच माठातलं पाणी ढवळत बसे. दुकान पुढं, घर मागं, मध्ये एक पडदा. त्याची बायको अनुसया पडद्याआडून म्हणे, "गेली ना ती जीप, या आता बाहेर."

अशाच एका दुपारी त्याच्या दारात सायकलरिक्षा थांबली. रिक्षात गोणपाटाखाली काहीतरी जड होतं. सोबत दोन माणसं. एक मधुसूदन, तिशीचा, चांगल्या घरचा, हिंगण्याला नव्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू करण्याच्या खटपटीत असलेला. जागेश्वरकडे तो दोन-तीनदा आला होता. दुसरा ओमप्रकाश. त्याला पाहून जागेश्वरच्या हातातली कानस थांबली.

ओमप्रकाश शनिवारी नावाच्या जुन्या बाजारात लोखंडाचा धंदा करी. तो कधी ओरडून बोलत नसे. एकदा त्याचा एका तराजूवाल्याशी वाद झाला, तेव्हा त्यानं त्या माणसाचा हात हळूच धरला आणि चालू ग्राइंडरच्या जवळ नेला. लावला नाही. नुसता जवळ नेला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. ही गोष्ट सगळा बाजार सांगे, आणि सांगताना प्रत्येक जण आपलाच हात मागं घेई.

"धकाते, नमस्कार," ओमप्रकाश म्हणाला. "हा मधुसूदनभाऊ म्हणते, तुमी सांगान तो भाव. मी म्हटलं ठीक आहे. पाहा मंग."

रिक्षावाल्यानं आणि मधुसूदननं मिळून वाईस आत आणला. गोणपाट काढलं. सहा इंची जबड्याचा, विलायती, इंग्रजांच्या काळातला, असा माल आता बनत नाही असाच. अंगावर ताजा हिरवा रंग.

जागेश्वरनं दांडा फिरवला. पेच तेलातून फिरावा तसा गेला. जबडे मिटवले, फटीतून उजेडाची रेघही दिसेना. मधुसूदन त्याच्या चेहऱ्याकडे आशेनं पाहत होता. मग जागेश्वरनं वाईस कुशीवर कलता केला आणि तळाला बोटं लावली.

तळाची एक जागा गुळगुळीत होती. बाकी सगळीकडे ओतकामाची खरबरीत कातडी आणि तेवढीच जागा ग्राइंडरनं घासलेली, वर रंग. तिथं अक्षरं असणार. त्यानं जबडा पूर्ण उघडला आणि सरकत्या दांड्याच्या आतल्या अंगाला, जिथं कोणी बघत नाही, तिथं बोट नेलं. आकडे होते. ठोकून उठवलेले, रंगानं अर्धे बुजलेले. शहरातल्या एका सरकारी वर्कशॉपात असे आकडे ठोकत. तिथला माल लिलावात निघाला, की खुणेवर छिन्नीनं आडवी रेघ मारून मगच तो बाहेर देत. असे लिलावातले वाईस जागेश्वरच्या हाताखालून कितीतरी गेले होते. या आकड्यांवर रेघ नव्हती.

चोरीचा होता. सरकारी चोरीचा.

त्याचं बोट तिथंच राहिलं. वर पाहायची हिंमत होईना. पाहिलं तेव्हा ओमप्रकाश त्याच्या बोटाकडेच बघत होता, आणि किंचित हसत होता.

"जमलं का?" ओमप्रकाशनं विचारलं.

भाव त्याच्या डोक्यात केव्हाच तयार होता. तीनशे, आणि त्यालाही स्वस्तच म्हणावं लागलं असतं. पण तीनशे म्हणावं, तर उद्या पोलीस हिंगण्याच्या शेडमध्ये उभे राहतील, मधुसूदनच्या हातात बेड्या पडतील आणि विचारतील, भाव कोणी ठरवला. चोरीचा आहे म्हणावं, तर समोर ओमप्रकाश. जागेश्वरनं हातोडी उचलली. आणि टिचकी मारताना डाव्या हाताचा तळवा बिडावर घट्ट दाबून धरला.

आवाज मेला. ठप्प.

"चीर आहे," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "आतून गेली आहे. भंगार आहे, मधुसूदनभाऊ. नका घेऊ."

मधुसूदनचं तोंड एवढंसं झालं. "भंगार? पण वरून तर एकदम..."

"वरून सगळेच चांगले दिसते," जागेश्वर म्हणाला.

मधुसूदन थोडा वेळ घुटमळला, मग नमस्कार करून निघून गेला. रिक्षावाला बाहेर बिडी ओढत बसला. दुकानात दोघंच उरले. ओमप्रकाशनं पुढं येऊन स्वतःच हातोडी घेतली आणि वाईसवर हलकीच मारली. घंटेसारखा आवाज उठला आणि बराच वेळ घुमत राहिला.

"भंगार म्हणाले ना तुमी?" तो शांतपणे म्हणाला. "मंग भंगाराच्या भावानं तुमीच घ्या. वजनावर."

"मले नाही पाह्यजे, भाऊ."

"पाह्यजे तुमाले." ओमप्रकाशनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. जागेश्वरला ते ग्राइंडर आठवलं. त्यानं गल्ल्यात होते ते पस्तीस रुपये काढून त्या हातावर ठेवले. ओमप्रकाशनं ते न पाहताच खिशात घातले. "आता हा तुमचा झाला. नीट ठेवजा," असं म्हणून तो रिक्षात बसून गेला.

जागेश्वरनं वाईसवर गोणपाट टाकलं, गोणपाटावर जुन्या पत्र्याचे तुकडे टाकले, आणि दुकानाची फळी लावून घेतली. दिवस अजून मावळला नव्हता.

अनुसयाला त्यानं सगळं सांगितलं, पण कुजबुजत, आणि सांगताना दोनदा उठून दाराची कडी पाहून आला. ती ऐकून घेत पोळ्या लाटत राहिली.

"फेकून या गांधीसागरात," ती म्हणाली.

"तीस-पस्तीस किलोचा दगड आहे तो! कोणी पाह्यलं तं? लोक म्हणतीन, धकाते तलावात का टाकून राहिला?"

"मंग बाबनरावभाऊजीले विचारा."

बाबनरावाला विचारलं. तो म्हणाला, "घासून टाक ना ते आकडे. एक कानस मारली का झालं. लोखंडाले का नाव रायते?"

दुसऱ्या दिवशी जागेश्वर खरंच कानस घेऊन बसला. आकड्यांवर ती टेकवली. पण पुढं ढकलली नाही. त्याला दिसलं, की हे आकडे आपण घासले तर चोर आपणच. आतापर्यंत दुसऱ्याची चोरी आपल्या घरात पडून होती, आता ती आपल्या हातानं होईल. त्यानं कानस ठेवून दिली. जेवण जाईना. जीप आली की आत, स्कूटर थांबली की आत. एकदा खाकी शर्ट घातलेला गॅसवाला दारात उभा राहिला, तर जागेश्वरच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला.

भीतीनं माणूस किती अंगांनी घेरला जातो, हे त्याला अजून कळायचं होतं. तीन-चार दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की दुकानात कोणी येत नाही. समोरच्या टपरीवर नेहमीचे दोघं-तिघं उभे असत, ते त्याला पाहून दुसरीकडे तोंड फिरवत. मग एका सकाळी मधुसूदन आला. या वेळी नमस्कार नव्हता.

"काका, बाजारात लोक का बोलून राहिले, माहीत आहे तुमाले?"

"नाई गा."

"म्हणते, जागेश्वर धकाते गिऱ्हाइकासमोर मालाले भंगार म्हणते, अन् गिऱ्हाईक गेलं का तोच माल भंगाराच्या भावात सोताच घेते. ओमप्रकाशच सांगून राहिला सगळ्यांले. मी म्हटलं खोटं असन." त्याची नजर कोपऱ्यातल्या पत्र्यांकडे गेली. तो गेला, पत्रे बाजूला केले, गोणपाट ओढलं. हिरवा रंग. त्यानं हातोडी घेऊन टिचकी मारली.

वाईस वाजला. स्वच्छ, गोड, लांबवर.

"हे तं वाजते, काका," मधुसूदन हळूच म्हणाला. "काहून असं केलं तुमी? तुमच्या शब्दावर मी शेडातली सगळी मशीन घेणार होतो. तुमी सांगितलं असतं, का मले पाह्यजे, तं मी सोडून देल्ला असता."

आजवर जागेश्वरला पोलिसांचं भय होतं, ओमप्रकाशचं होतं. आपल्या शब्दाला कोणी खोटं म्हणेल हे भय त्याला कधी शिवलंच नव्हतं, कारण तशी वेळ आली नव्हती. ते आता एकदम अंगावर आलं. मग त्यानं दाराबाहेर पाहिलं, जबडा उघडला आणि मधुसूदनचं बोट धरून आत नेलं.

"पाह्य. हाताले का लागते?"

"आकडे."

"सरकारी आहे. त्याच्यावर रेघ नाही. लिलावाचा नाही हा." त्याचा आवाज फाटला. "तुह्या शेडात हा असता तं तू आत असता. मी ओमप्रकाशसमोर कसं सांगू? तूच सांग. मले भेव वाटलं. मी हात दाबून धरला होता, म्हणून नाही वाजला."

मधुसूदनचा चेहरा पांढरा पडला. त्यानं बोट झटकन बाहेर काढलं आणि धोतराला पुसावं तसं पँटला पुसलं. "मी तुमच्याकडे आलो होतो, हे कोणाले सांगू नका, काका," एवढंच म्हणून तो सायकलवर बसला आणि गेला.

पडद्याआडून अनुसयानं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली. तिनं ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"ठाण्यात. हा इथं राहिला तं तुमी मरान. पोलीस मारतीन का नाही ते मले माहीत नाही, पण तुमी असेच मरून राहिले. आठ दिवसांत दोन पोळ्या नाई खाल्ल्या तुमी."

तिनं रिक्षा बोलावली. वाईस पायाशी ठेवला आणि वरून आपल्या लुगड्याचा घोळ पसरला. भर सकाळी, महालातून, ओळखीच्या दुकानांसमोरून ती दोघं निघाली. जागेश्वरला वाटे, प्रत्येक माणूस आपल्या पायाकडेच पाहतो आहे. चढाला रिक्षावाला खाली उतरून ढकलू लागला आणि म्हणाला, "बाई, का भरलं वं इतकं?" अनुसया म्हणाली, "जातं आहे बापा, टाकी मारून घ्याले नेऊन राहिलो." ठाण्याच्या फाटकाशी आल्यावर जागेश्वर रिक्षातून उतरेना. "उद्या येऊ," तो म्हणाला. अनुसयानं उत्तर दिलं नाही. ती आधी उतरली आणि वाईसचा दांडा धरून ओढू लागली. एवढी जड वस्तू बाईमाणसाला ओढताना पाहून एक शिपाईच धावत आला, आणि मग मागं फिरायची सोय राहिली नाही.

ठाणेदार जेवायला गेले होते. हवालदारानं त्याला बाकावर बसवलं आणि बाईला घरी जा म्हणून सांगितलं. अनुसया गेली. बाकावर बसून जागेश्वर आपल्याच गुडघ्यांकडे पाहत राहिला. आतल्या खोलीतून मधूनमधून कोणाचं तरी विव्हळणं ऐकू येई आणि मग बराच वेळ काहीच ऐकू येत नसे. ते काहीच ऐकू न येणं जास्त भयंकर होतं.

ठाणेदार आले. पानाचा तोबरा भरलेला, झोप न झाल्यासारखे डोळे. त्यांनी वाईसभोवती एक फेरी मारली.

"कोणी देल्ला?"

जागेश्वरनं आधी दाराकडे पाहिलं.

"बरं. कितीले घेतला?"

"पस्तीस, साहेब."

"अन् खरी किंमत किती आहे याची? तुले तं पारखी म्हणते लोक."

इथं खोटं बोलता आलं असतं. भंगारच आहे साहेब, एवढं म्हणायचं होतं. त्या क्षणी तेच शहाणपणाचं होतं हे त्यालाही कळत होतं. पण एकदा तो हा भाव खोटा सांगून बसला होता आणि त्यातून काय निघालं ते त्यानं आठ दिवस भोगलं होतं. "तीनशेचा आहे, साहेब," तो म्हणाला. "जास्तीच. अखंड आहे."

"म्हणजे तीनशेचा माल पस्तीसले घेतला." ठाणेदार त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले. "चोरीचा माल असाच घेते लोक. हे तुले माहीत होतं. तरी घेतला. सांग आता, मी कोणाले आत टाकू?"

आयुष्यभर आकडा सांगून जागेश्वर मोकळा झाला होता. आता तोच आकडा त्याच्या गळ्यात आला होता. हवालदारानं त्याच्या बखोटीला धरलं आणि त्या आतल्या खोलीच्या दिशेनं दोन पावलं नेलं.

तेवढ्यात बाहेर अनुसयाचा आवाज आला. ती घरी गेलीच नव्हती. ती हिंगण्याला गेली होती, कंपनीच्या कामगारांच्या बसमधून, ड्रायव्हरच्या हातापाया पडून. तिच्यामागं मधुसूदन होता. त्याच्या कपाळावर थंडीतही घाम होता आणि सायकलची क्लिप अजून पायात तशीच होती.

"साहेब," तो म्हणाला आणि थांबला. त्यालाही भीती वाटत होती, ते सगळ्यांना दिसत होतं. "साहेब, हा वाईस मी घेणार होतो. तीनशेले. ओमप्रकाशनं आणला होता, शनिवारीतला. या काकायनं मोडता घातला. मले घेऊ देल्ला नाही. त्याच्यासमोर खरं सांगता येत नव्हतं म्हणून खोटं बोलले, अन् त्यानं यायच्या गळ्यात टाकला."

ओमप्रकाशचं नाव ऐकताच हवालदारानं बखोटी सोडली. ठाणेदारांनी जागेश्वरकडे पाहिलं. "खरं आहे?"

जागेश्वरनं मान हलवली. मग त्याला वाटलं, मान हलवणं पुरेसं नाही. दुसऱ्याच्या पोरानं नाव घेतलं आणि आपण नुसती मान हलवायची. "हाव साहेब," तो म्हणाला. "ओमप्रकाशनंच."

संध्याकाळच्या आत त्याला सोडलं. वाईस ठाण्यातच राहिला. ओमप्रकाशला दुसऱ्या दिवशी उचललं, आणि त्याच्या गाळ्यात आणखी बराच सरकारी माल निघाला. बाजारात खरी गोष्ट पसरायला चार दिवस लागले. टपरीवरचे लोक परत बोलू लागले, एकानं तर मुद्दाम येऊन आपली जुनी ड्रिल मशीन दाखवली, जिच्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मधुसूदनसाठी जागेश्वरनं पुढच्या महिन्यात लिलावातला एक वाईस शोधून दिला. त्याचा पेच थोडा झिजलेला होता. तेही त्यानं आधी सांगितलं आणि त्याप्रमाणं भाव उतरवून घेतला.

गोष्ट इथं संपली असं अनुसयाला वाटलं होतं.

निवडणूक झाली, आणीबाणी उठली, गल्लीतला सायकलवालाही घरी आला. उन्हाळ्यात एका दुपारी दुकानाच्या दारातला उजेड अडला. जागेश्वरनं वर पाहिलं. ओमप्रकाश उभा होता. तुरुंगातून सुटला होता, वाळला होता, दाढी वाढली होती. तो आत आला, स्टुलावर बसला.

"पाणी पाजा," तो म्हणाला.

जागेश्वर उठला नाही. अनुसयानंच पडद्यातून पेला आणून दिला. ओमप्रकाश सावकाश पाणी प्यायला, मग त्यानं पेला पालथा करून बेंचवर ठेवला. दुकानावरून नजर फिरवली, ग्राइंडरवर ती थोडी थांबली. "धंदा चांगला चालून राहिला ना?" त्यानं विचारलं. "चालू द्या." आणि गेला.

पुढच्या महिन्यात तो परत आला. पाणी प्यायला, तेच विचारलं, गेला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. कधी शिवी नाही, धमकी नाही, हात नाही. जागेश्वरनं ठाण्यात जायचं म्हटलं तर सांगायचं काय? माणूस पाणी मागतो म्हणून? त्यानं ग्राइंडरची तार काढून ठेवली आणि गिऱ्हाइकाला ग्राइंडर बिघडला आहे म्हणून सांगू लागला. काम करताना तो दाराकडे तोंड करून बसे, त्यामुळे उजेड पाठीमागून न येता डोळ्यांवर येई आणि बारीक काम चुके. लोक म्हणत, धकाते आता थकला. पण भाव सांगताना त्याचं चुकत नसे. उलट तो आता जरा जास्तच सांगे, मोठ्यानं, दारात उभ्या माणसालाही ऐकू जाईल असं. कुठं झीज आहे, कुठं जोड आहे, आणि रंग नवा असला तर आधी रंग काढून आणा, मग बोलू. असं बोलताना त्याच्या कानशिलाची शीर उडत असे, ती अनुसयाला दिसे.

दोन वर्षं असं चाललं. मग एका महिन्यात ओमप्रकाश आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. कोणी म्हणे तो बिलासपूरकडे ट्रकांच्या धंद्यात गेला, कोणी म्हणे आजारी पडून गावाकडे गेला. जागेश्वरनं कोणाचंच खरं मानलं नाही. तो वाट पाहतच राहिला, दिवाळीपर्यंत, संक्रांतीपर्यंत.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, रंग खेळून गल्ली शांत झाली तेव्हा, अनुसया भांडी घासून बाहेर आली तर जागेश्वर दुकानात फरशीवर आडवा झालेला होता. तोंड भिंतीकडे, हात डोक्याखाली, आणि बारीक घोरत होता. कित्येक वर्षांत तो दिवसा असा झोपला नव्हता. तिनं आतून सुपात तांदूळ आणले आणि उंबऱ्यावर बसून निवडू लागली. थोड्या वेळानं कोणी एक गिऱ्हाईक हातात कसलंसं जुनं हत्यार घेऊन आलं. तिनं तोंडावर बोट ठेवून त्याला थांबवलं आणि म्हणाली, "संध्याकाळी येजो बापा. आता नाही."